पुराव्यालाही असतो ठसा

संगणक सुरक्षेचे शिक्षण म्हणजे 'हॅकिंग' शिकणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात डिजिटल न्यायसहायक विज्ञानाचा पहिला धडा अगदी साधा, काहीसा कंटाळवाणाच असतो : मूळ पुराव्यात बदल होऊ द्यायचा नाही. जप्त केलेली हार्ड डिस्क 'राइट ब्लॉकर' या उपकरणाला जोडून तिची तंतोतंत प्रत काढतात. मग दोन्हींचे 'हॅश' मूल्य ताडून पाहतात. एसएचए-२५६ पद्धतीत ते ६४ अंक-अक्षरांचे असते. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला, तरी ते पार पालटते. तपासणी होते ती प्रतीचीच.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे जालन्याच्या खटल्यावरून कळते. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला काय, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मागूनही मिळाले नाही. मूळ उपकरण हजर केले नसेल, तर असे प्रमाणपत्र अनिवार्यच, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल' या निकालात स्पष्ट केले. (अर्जदारांनी शक्य ते सर्व प्रयत्न केले असल्याने त्यांना मात्र सवलत मिळाली.) १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य आणि तज्ज्ञाची सही, दोन्ही आहेत.

तेव्हा या शाखेकडे वळणाऱ्याने प्रोग्रॅमिंगइतकाच कायदाही वाचावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत हा विषय शिकवला जातो. जळगावातील मेहरूणच्या विद्यार्थ्याला त्यांपैकी संभाजीनगर सर्वांत जवळचे.