विश्लेषण : कोळसा काढून झाल्यावर जमिनीचे काय? खाणीच्या तपासणीत नेमके काय पाहतात?

भिवंडीत कोळशाची खाण नाही. पण इथले यंत्रमाग ज्या विजेवर चालतात, ती बऱ्याच अंशी कोळशापासून तयार होते. त्यातला काही कोळसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरमधल्या ‘वेकोलि’च्या खाणींतला. तिथली जमीन पुन्हा कामाची होते का?

पर्यावरण मंजुरीतील अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो कंपनीच लिहिते. म्हणजे पेपर लिहिणाराच गुण देणार! म्हणून प्रत्यक्ष पाहणी महत्त्वाची.

पाहणीत आधी वरची सुपीक माती वेगळी साठवली का, ते बघतात. ती दगड-मुरमात मिसळली तर नंतर लावलेली झाडे तग धरत नाहीत. मग ढिगाऱ्याचा उतार. मंजुरीत सहसा 28 अंशांची मर्यादा असते. त्याहून उभा ढीग पावसाळ्यात ओघळून नाल्यात, शेतात उतरतो. पायथ्याचा चर गाळाने भरला असेल, तर कागदावर काहीही लिहिलेले असो.

खाण बंद करण्याच्या खर्चासाठी 2009 च्या केंद्रीय सूचनांनी खुल्या खाणींना हेक्टरी 6 लाख रुपये एस्क्रो खात्यात ठेवायला लावले. काम तपासल्यावरच त्यातले पैसे सुटतात.

सहामाही अहवाल 2006 च्या अधिसूचनेनुसार सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो कोणीही मागू शकतो.