सेटर म्हणजे नुसता आकडे भरणारा नव्हे

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड... एमआयडीसीतल्या प्लास्टिक मोल्डिंग शॉपमध्ये नव्याने लागलेल्या पोराला विचारा, सेटर काय करतो? ‘मोल्ड चढवतो आणि स्क्रीनवर आकडे भरतो.’ मोल्ड चढवणं खरंच, आणि तेही जोखमीचं: शेकडो किलोंचं लोखंड क्रेनने टांगून लोकेटिंग रिंग नेमकी बसवायची, क्लॅम्प आवळायचे, पाण्याचे पाइप जोडायचे. पण जुन्या सेटिंग शीटचे आकडे डोळे झाकून चालत नाहीत. मशीन बदललं आणि स्क्रूचा व्यास वेगळा निघाला, की तेवढ्याच मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये माल कमी-जास्त जातो.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे, पार्ट शॉर्ट, म्हणजे अपुरा भरलेला, येतोय तर टेम्परेचर वाढवा. चांगला सेटर आधी पार्ट हातात घेतो. शॉर्ट दर वेळी एकाच कोपऱ्यात आहे आणि कडेला करपल्याचा डाग आहे, तर तिथे हवा अडकते आहे. कोंडलेली हवा दाबली गेली की इतकी तापते, की प्लास्टिक जाळते. तिथे हवा बाहेर जायचे व्हेंट साफ करायचे, इंजेक्शनचा वेग उतरवायचा. कुशन, म्हणजे स्क्रूपुढे शिल्लक राहणारा माल, शून्यावर येत असेल, तर माल कमी घेतला जातोय किंवा माल मागे परतू न देणारी चेक रिंग झिजली आहे. अशा वेळी हीटर वाढवला तर दोष तसाच राहतो आणि मटेरियल मात्र खराब होतं.

पार्टवर चंदेरी रेघा दिसल्या की मटेरियलवाल्याला शिव्या पडतात. पण बहुतेक वेळा दोष ओलाव्याचा असतो. नायलॉन, एबीएस, पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी शोषतात; पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी पुरेशी होते. पॉलिकार्बोनेट साधारण 120 अंशांवर 3-4 तास वाळवावं लागतं. ओलं वापरलं तर त्याची साखळी तुटते, आणि दिसायला बरा असलेला पार्टही पुढे ठिसूळ निघतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही.

‘होल्डिंग, म्हणजे मोल्ड भरल्यावर धरून ठेवलेला दाब, जास्त ठेवलेलं बरं’ हेही असंच. होल्डिंग टाइम 1 सेकंद ठेवून रनर काढलेल्या पार्टचं वजन करा. मग 2, 3, 4 सेकंद, आणि तेवढंच कूलिंग कमी करत जा, म्हणजे सायकल तीच राहते. वजन वाढायचं थांबलं, तिथे गेट, म्हणजे माल पार्टमध्ये शिरायची वाट, गोठलं. त्यापुढचं होल्डिंग पार्टपर्यंत पोचतच नाही. अर्ध्या तासाची ही चाचणी प्रत्येक नव्या मोल्डवर व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

सायकल घटवायची म्हणून कूलिंगवर कात्री चालवणारेही पुष्कळ. पण कूलिंग हाच बहुधा सायकलचा सर्वांत मोठा हिस्सा असतो आणि भिंतीची जाडी दुप्पट झाली की त्याचा वेळ जवळपास चौपट होतो. पार्ट लवकर काढला तर वाकतो. सायकल घटवायचीच असेल, तर आधी पाण्याच्या लाइनीत साचलेला गाळ आणि क्षार काढा.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा: मटेरियल बदलताना थोडं मागचं राहिलं तरी चालतं. पीव्हीसी आणि ॲसिटल बॅरलमध्ये एकत्र आले तर विघटन भडकतं, विषारी वायू सुटतात आणि माल नोझलमधून उसळून बाहेर येऊ शकतो. या दोहोंमध्ये पॉलिथिलीनने पर्ज करून, म्हणजे आतला माल ढकलून काढून, बॅरल पूर्ण रिकामं झाल्याची खात्री करायची. पर्ज करताना फेसशील्ड, हातमोजे घालायचे आणि नोझलसमोर कुणालाही उभं राहू द्यायचं नाही.