आखडलेल्या पायांची शस्त्रक्रिया : आशा किती, भ्रम किती?

मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी पाऊल टाकत नाही. उभे केले तर चवड्यांवर उभे राहते आणि दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अशा वेळी बोल लागतो तो आईला. कोणी म्हणते ग्रहण पाळले नाही, कोणी म्हणते मागच्या जन्मीचे पाप. वास्तविक यात पापही नाही आणि ग्रहणही नाही. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात बाळाच्या मेंदूला इजा झाली, की हा विकार होतो. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याचे प्रमाण जास्त असते.

पाय ताठ का होतात, ते समजून घेऊ. स्नायू ताणला गेला की त्याची खबर संवेदी नसांतून मज्जारज्जूकडे जाते आणि ‘आखडून घे’ असा हुकूम परत येतो. निरोगी मेंदू या हुकुमाला आवर घालतो. इजा झालेल्या मेंदूला तो घालता येत नाही. म्हणून स्नायू सदा आखडलेले राहतात.

खबर नेणाऱ्या नसाच कमी केल्या तर? जर्मनीतील डॉ. फोर्स्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रयोग केला. पुढे १९७०च्या दशकात इटलीत डॉ. फासानो यांनी विजेच्या सूक्ष्म झटक्याने नसा तपासून मोजक्याच कापण्याची रीत आणली. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे डॉ. वॉरविक पीकॉक यांनी १९८०च्या दशकात ती सुधारली आणि तेथून ती अमेरिकेत पसरली. तिचे नाव सिलेक्टिव्ह डॉर्सल ऱ्हायझोटॉमी.

मुलाला भूल देऊन कमरेच्या मणक्याचा मागील भाग उघडतात. हालचाल करविणाऱ्या नसा बाजूला ठेवतात. संवेदी नसांचे बारीक धागे सुटे करून एकेक तपासतात. ज्यांचा प्रतिसाद फाजील असतो, त्यांतले काही कापतात, बाकीचे राखतात. कापलेला धागा पुन्हा जोडता येत नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

ही शस्त्रक्रिया प्रत्येक मुलासाठी नाही. ज्याच्या मुख्यतः दोन्ही पायांत ताठरपणा आहे, पायांत थोडी ताकद आहे आणि जे सांगितलेला व्यायाम करू शकते, अशा मुलाला तिचा लाभ होतो. ज्यांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, त्यांना सहसा होत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने २०१४ पासून पाच रुग्णालयांत तिचा अनुभव घेतला आणि २०१८ साली तीन ते नऊ वर्षांच्या निवडक मुलांसाठी तिचा खर्च उचलण्याचे ठरविले.

शस्त्रक्रियेने मेंदूची इजा भरून येत नाही. उलट, ताठरपणा गेल्यावर खाली दडलेला अशक्तपणा उघडा पडतो. ताठ पायांवर उभे राहणारे मूल आरंभी लुळे पडल्यासारखे वाटते. त्यानंतर कित्येक महिने नेमाने व्यायाम करवून घ्यावा लागतो. रोजंदारी बुडवून मुलाला फिजिओथेरपीला कोण नेणार, याचा विचार घरातील सर्वांनी आधीच करावा. तो भार एकट्या आईवर टाकू नये. पायाला बधिरपणा, लघवीची तक्रार, पाठीच्या कण्याला बाक असे धोकेही डॉक्टरांना स्पष्ट विचारावेत.

भारतात ही शस्त्रक्रिया मोजक्याच ठिकाणी होते. पण गोळ्या, बोटॉक्सची इंजेक्शने, पायांना आधार देणारे बूट आणि व्यायाम हे मार्गही आहेत. पुष्कळ मुलांना तेवढ्यानेच फरक पडतो. मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करून अशा मुलांच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत उपचारासाठी १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. तो सरकारी रुग्णालयातून आधी काढून घ्यावा.

अंगारे-धुपारे आणि नवस यांत वर्षे घालवली, तर आखडलेले स्नायू आखूड होतात आणि सांधे वाकडे होतात. संशय येताच मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. मूल चालेल की नाही, हे पुढे ठरेल. पण व्यायाम आजपासून आणि शाळा वेळेवर, हे दोन्ही आपल्या हाती आहे.