माहिती चौकट: आनुवंशिक कर्करोग आणि नातेवाईक
कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. मग सगळ्या घराला घाबरवायचे कशाला, असे विचारले जाते. पण बीआरसीए-१ (शोध १९९४) किंवा बीआरसीए-२ (१९९५) या जनुकात रोगकारक बदल सापडला, की सख्खी भावंडे आणि प्रत्येक अपत्य यांच्यात तो असण्याची शक्यता साधारण ५० टक्के असते. वारशाने येतो तो बदल, कर्करोग नव्हे. तो वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या, काका, चुलत भावंडे यांनाही कळायला हवे. पुरुषांत तो प्रोस्टेट, स्वादुपिंड आणि स्तनाच्याही कर्करोगाचा धोका वाढवतो. नेमका बदल ठाऊक असला, तर नातेवाइकाला तेवढाच तपासता येतो. तो नसेल, तर त्याच्यामुळे वाढणारा धोकाही नाही. असेल, तर बाईला स्तनांची एमआरआय तपासणी लवकर सुरू करता येते.

उरतो खासगीपणाचा आक्षेप. फ्रान्सने २०११च्या कायद्यात त्यावर वाट काढली. प्रतिबंध वा उपचार शक्य असलेला गंभीर आनुवंशिक दोष आढळल्यास नातेवाइकांना कळवणे हे रुग्णाचे कर्तव्य ठरते. स्वतः सांगणे जड जात असेल, तर रुग्णाच्या विनंतीवरून डॉक्टर पत्र पाठवतात. त्यात रुग्णाचे नाव नसते, आजाराचेही नसते, फक्त जनुकीय सल्ला घेण्याचे आवाहन असते.