फक्त २४,००० किलोमीटर: गाडीचं वय कशात मोजायचं?

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक ठरलेलं वाक्य असतं: "२०२१ मॉडेल, डिझेल, सिंगल ओनर, फक्त २४,००० किमी." गाडी छोटी लक्झरी एसयूव्ही असेल, म्हणजे बीएमडब्ल्यू एक्स-१ किंवा मर्सिडीज जीएलए या वर्गातली, तर त्या "फक्त"साठी लोक जास्तीचे पैसे आनंदाने मोजतात. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या माणसाने मात्र हे वाक्य जरा वेगळ्या नजरेने वाचावं. गाडीची झीज चाललेल्या अंतराच्या प्रमाणात होते, असं एक गृहीतक त्यात गुपचूप दडलेलं आहे. झीज डोळ्यांना दिसत नाही आणि मीटर दिसतो, म्हणून आपण मीटर वाचून झीज ओळखतो. आपल्या भाषेत याला प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी वापरायला हरकत काहीच नाही, तिच्याशिवाय बरंचसं संशोधन उभंच राहणार नाही. पण ती कुठे साथ सोडते हे माहीत हवं. त्यासाठी ही गाडी फार उत्तम उदाहरण आहे, कारण ती मालकाला खर्चात पाडते तेव्हा अनेकदा नेमकी इथेच पाडते.

आधी यंत्र समजून घेऊ. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल कारला प्रति किलोमीटर २५ मिलिग्रॅम सूक्ष्मकण सोडायची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. शिवाय कणांच्या संख्येवरही मर्यादा आली. बीएस-४ची मर्यादा फिल्टर न बसवताही गाठता येत असे. बीएस-६ला ते जमत नाही, म्हणून एक्झॉस्टच्या वाटेत डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसलाच. आतून तो मधाच्या पोळ्यासारखा असतो: सिरॅमिकच्या शेकडो बारीक नळ्या, एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नाही म्हणून सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जातो, आणि काजळी भिंतीवर अडकते. चहाची गाळणी कशी, तसंच. फरक एवढाच की ही गाळणी काढून झटकता येत नाही. ती जागच्या जागी जाळून साफ करावी लागते.

या जाळण्याला रीजनरेशन म्हणतात आणि सगळी गोम इथे आहे. काजळी नुसत्या ऑक्सिजनच्या जोरावर जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमान लागतं. नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यातही हळूहळू जळते. हायवेवर गाडी सलग ८०-९०ने चालली की एवढी उष्णता सहज मिळते आणि फिल्टर आपोआप बराच साफ होत राहतो, मालकाला पत्ताही लागत नाही. शहरातल्या संथ रहदारीत एक्झॉस्ट बऱ्याचदा २०० अंशांच्या आसपासच घुटमळतो. मग इंजिनचा संगणक स्वतःच पुढाकार घेतो. पॉवर स्ट्रोक संपत येताना तो थोडं जास्तीचं डिझेल फवारतो, ते पुढे कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टरचं तापमान ६०० अंशांपर्यंत चढतं. या कामाला साधारण १० ते २० मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ गाडी चालू राहायला हवी.

आता कोथरूडहून डेक्कनला जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. रीजनरेशन सुरू झालं तेवढ्यात पार्किंग आलं, चावी बंद. संध्याकाळी परत सुरू, परत अर्धवट. काजळी साठत जाते. ती ठरावीक पातळीच्या वर गेली की संगणक स्वतःहून जाळायलाही नकार देतो, कारण इतकी काजळी एकदम पेटली तर उष्णतेने फिल्टरलाच तडे जातील. मग दिवा लागतो, गाडीची ताकद मुद्दाम कमी केली जाते, आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. तिथे जबरदस्तीचं रीजनरेशन करून ती सुटली तर नशीब. नाही सुटली तर नवा फिल्टर, आणि या वर्गातल्या गाडीला तो खर्च साधा नाही.

दुसरी गोष्ट हळू घडते. उशिरा फवारलेलं सगळंच डिझेल कॅटॅलिस्टपर्यंत पोचत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. लांबच्या प्रवासात ऑइल नीट तापलं की त्यातलं काही उडून जातं. ५-६ किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापतच नाही. काट्यावर कूलंट तापलेलं दिसतं, ऑइल त्याच्या बरंच मागून येतं. ऑइल पातळ होतं, त्याची वंगणक्षमता उतरते. डिपस्टिक काढून बघावी तर पातळी चक्क वाढलेली! ऑइल कमी होत नाहीये म्हणून खूश होणारे मालक मला माहीत आहेत. (काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते.)

आता आपल्या २४,०००कडे परत. दोन काल्पनिक गाड्या घेऊ, दोन्हींचा मीटर तोच. पहिली शहरातली, दर फेरी ६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी १५. दुसरीचा मालक पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे कामासाठी जातो, दर फेरी २०० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ६०. प्रत्येक फेरीआधी इंजिन पूर्ण थंड झालंय असं धरू. पहिल्या गाडीच्या फेऱ्या ४,०००, दुसरीच्या १२०. पहिलीचं इंजिन १,६०० तास चाललं, दुसरीचं ४००. म्हणजे किलोमीटरमध्ये दोघी जुळ्या बहिणी, इंजिनच्या तासांत पहिली चौपट म्हातारी आणि थंड स्टार्टच्या मोजणीत तेहतीसपट. जाहिरातीत मात्र दोघींना तोच "फक्त".

ही काही नवी कल्पना नाही. गावाकडे कुणालाही विचारा, ट्रॅक्टर किती चालला हे किलोमीटरमध्ये कोणी सांगत नाही, "अठराशे तास झालेत" असं सांगतात. जेसीबीचं भाडंही तासावर. विमानांत तर तासही पुरत नाहीत. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७च्या छताचा मोठा भाग हवेतच उडाला आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाचे उड्डाणाचे तास होते ३५,४९६, पण उड्डाणं ८९,६८०. बेटाबेटांमधल्या छोट्या छोट्या फेऱ्या, आणि दर फेरीला केबिनमधला दाब एकदा वाढायचा, एकदा उतरायचा. धातू थकत होता तो या चढउतारांनी. रिलायबिलिटीच्या अभ्यासात "टाइम स्केल कुठला निवडायचा" हा एक स्वतंत्र प्रश्न मानला जातो, तो यामुळेच.

गंमत म्हणजे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेला हे ठाऊक असतं. "अमुक इतके किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" या वाक्यात दोन घड्याळं आहेत. ब्रेक फ्लुइडला तर किलोमीटरशी घेणंदेणंच नाही. ते हवेतलं बाष्प शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते दर २ वर्षांनी बदलायला सांगतात, मग गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली का असेना. टायरचं रबरही उभ्या उभ्या म्हातारं होतं.

पण इथे उत्साहाच्या भरात "किलोमीटर निरुपयोगी" असा निष्कर्ष काढू नका. रीजनरेशनमध्ये काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त, फॉस्फरससारख्या घटकांची असते आणि ती फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणूनच या गाड्यांना कमी राखेचं ऑइल सक्तीचं आहे. डब्यावर एसीइए सी३ यासारखा दर्जा, आणि शिवाय कंपनीची स्वतःची मान्यता, जसं बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०४ किंवा मर्सिडीजचं २२९.५१. पुस्तिकेत जे दिलंय तेच घ्यायचं, "त्यापेक्षा भारी" नाही. तर, राख जळालेल्या ऑइलच्या प्रमाणात वाढते, आणि लाखभर किलोमीटर हायवेवर पळालेल्या गाडीत ती नक्कीच जास्त असणार. सस्पेन्शन, बेअरिंग यांनाही अंतर आणि खड्डे मोजता येतात. म्हणजे एकाच गाडीत एका भागासाठी प्रॉक्सी चालते, दुसऱ्यासाठी साफ फसते. "गाडीची झीज" असा एकच डिपेन्डन्ट व्हेरिएबल लिहिलात तर आरआरसीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा.

समजा हा विषय घेऊन खरंच अभ्यास करायचाय: "छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफ लवकर तुंबतो का?" पहिला मोह होईल मालकांच्या तक्रारी गोळा करण्याचा. त्यात अडचण अशी की ज्याची गाडी सुरळीत आहे तो काही लिहीत नाही. छेद, म्हणजे डिनॉमिनेटर, हातात नसताना अंशाचं काय करायचं? वर्कशॉपच्या नोंदी त्याहून बऱ्या. पण वॉरंटी संपली की बरेच मालक बाहेरच्या गॅरेजला जातात, आणि तुमच्या डेटातून गाडी नाहीशी होते. तिचा फिल्टर पुढे बिघडला की नाही, तुम्हाला कळणार नाही. अशी गाडी "बिघडली नाही" म्हणून मोजायची नसते, ती त्या तारखेला सेन्सॉर्ड झाली असं धरायचं असतं. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस शिकण्याचा कंटाळा येत असेल तर हे उदाहरण डोक्यात ठेवा.

त्याहून वाईट एक गट आहे. काही गॅरेजवाले फिल्टर आतून पोकळ करून देतात आणि संगणकात बदल करून दिवाही बंद करतात. हे बेकायदा आहे आणि शेजारपाजारच्या फुप्फुसांसाठी घातक आहे. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीच्या धुराची फक्त अपारदर्शकता बघतात, त्यामुळे ही चलाखी सहज निसटून जाऊ शकते. तुमच्या टेबलात मात्र याच गाड्या सगळ्यांत निरोगी दिसतील: शहरात चालतात, फेऱ्या छोट्या, डीपीएफची एकही तक्रार नाही. तुमचा हायपोथेसिस अशा दहा-बारा गाड्याही उलटा पाडू शकतात.

म्हणून शक्य असेल तर थेट मोजा. गाडीच्या ओबीडी पोर्टला लॉगर लावून इंजिनचे तास, स्टार्टची संख्या, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, एक्झॉस्टचं तापमान नोंदवता येतं. सगळी माहिती साध्या डोंगलला मिळत नाही, काही आकडे कंपनीच्या स्वतःच्या कोडमागे असतात, त्यामुळे पायलटमध्ये आधी नेमकं काय वाचता येतं ते तपासा. आणि "काजळी किती ग्रॅम" हा जो आकडा स्क्रीनवर येतो, तो कुणी वजन करून काढलेला नसतो. दाब, तापमान आणि चालवण्याची पद्धत यांवरून संगणकाने बांधलेला तो अंदाज असतो. तीही प्रॉक्सीच, फक्त जास्त सुटाबुटातली.

ज्यांना पीएचडी नको, गाडी हवी आहे, त्यांच्यासाठी थोडं. दर एक-दोन आठवड्यांनी अर्धा तास सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालवा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेचा सपाट भाग त्यासाठी झकास, ट्रकमागे रखडलेला घाट तेवढा नाही. आयडलिंगचे आरपीएम थोडे वाढलेत, स्टार्ट-स्टॉप काम करेनासं झालंय, अ‍ॅव्हरेज अचानक उतरलंय, असं दिसलं तर बहुधा रीजनरेशन चालू आहे. आणखी दहा-पंधरा मिनिटं फिरून या, मग बंद करा. दिवा लागलाच तर "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणू नका. आणि रोजचं जाणंयेणं ५ किलोमीटरचं असेल तर मुळात डिझेल घेऊच नका, बॅज कितीही मोहात पाडो.

जुनी गाडी बघायला जाताना मीटर बघाच, पण स्कॅनर असलेला ओळखीचा मेकॅनिकही सोबत न्या. इंजिनचे एकूण तास नोंदलेले असतील तर ते वाचून घ्या आणि किलोमीटरला तासांनी भागा. वरच्या दोन गाड्यांत हे उत्तर १५ आणि ६० येईल. मग राखेचा अंदाज, शेवटचं पूर्ण झालेलं रीजनरेशन किती किलोमीटरमागे झालं, आणि ऑइल बदलल्याच्या तारखा. विक्रेता अगदी अभिमानाने सांगेल, "साहेब, गाडी फक्त मुलांना शाळेत सोडायला वापरलीय." तुमच्या डेटाशीटमधली सर्वांत उपयोगी नोंद तीच आहे, लिहून घ्या.