स्वस्त चाकूचा खरा कस

पावसाळा लागला की पुणेकरांची पावले मुळशीकडे वळतात. चांदणी चौक मागे पडतो, पिरंगुट आणि पौड जाते, आणि ताम्हिणीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरू लागतात. कोणी तैलबैला किंवा घनगड गाठतो, कोणी अंधारबनाच्या वाटेने भिऱ्याकडे उतरतो. या मंडळींच्या पाठपिशवीत विजेरी, दोरी आणि कोरड्या कपड्यांबरोबर आणखी एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे शंभर-दीडशे रुपयांना घेतलेला, घडी होणारा चाकू. काकडी चिरणे, दोरी कापणे, ताडपत्रीला भोक पाडणे एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे त्याची निवड करताना फारसा विचार होत नाही. दुकानात अंगठा धारेवरून फिरवायचा, 'चांगली आहे' म्हणायचे आणि पैसे द्यायचे, अशी ही खरेदी असते.

वस्तुतः स्वस्त चाकूत धार ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट होय. धार नसेल तर ती अर्ध्या तासात आणता येते. असा चाकू दगा देतो तो सांध्यात. पाते जेथे मुठीला जोडलेले असते तो खिळा, आणि उघडलेले पाते जागच्या जागी धरून ठेवणारा खटका, या दोन ठिकाणी कारखानदाराने पैसे वाचवलेले असतात. बोथट चाकूने काकडी नीट चिरली जात नाही, एवढेच. सांधा निकामी असलेला चाकू मात्र काम चालू असताना अचानक मिटतो, आणि त्या वेळी पात्याच्या वाटेत चार बोटे असतात. घाटाच्या पोटात, जेथे मोबाइललाही धड संपर्क मिळत नाही तेथे, बोटाची शीर कापली गेली तर निदान पौडपर्यंत तरी परतावे लागते.

तेव्हा परीक्षेची सुरुवात सांध्यापासून करावी. पाते पूर्ण उघडून टोकाजवळ चिमटीत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचित हालचाल स्वस्त चाकूत असतेच आणि ती दुरुस्त करता येते. पाते वर-खाली हलत असेल तर मात्र सावध व्हावे, कारण तो खटक्याचा दोष असतो. आजकालच्या बहुतेक स्वस्त चाकूंत 'लायनर लॉक' नावाचा खटका असतो. मुठीच्या आतील पत्र्याची एक पट्टी कापून किंचित वाकवलेली असते. पाते उघडले की ती त्याच्या बुडाशी येऊन अडसरासारखी उभी राहते. चांगल्या चाकूत ही पट्टी जाड असते आणि पात्याच्या बुडाला भरपूर भिडते. स्वस्तातल्या चाकूत ती पत्र्याच्या डब्यासारखी पातळ असते आणि जेमतेम कडेला टेकते. हे पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. चाकू उजेडात धरला की पुरे.

त्यानंतरची कसोटी घरी, लाकडी पाटावर घ्यावी. मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरावी की पाते मिटले तरी त्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही. मग पात्याची पाठ, धार नव्हे, पाटावर टेकवून हळूहळू दाब वाढवावा. पाते मिटले, तर तो चाकू बाद. येथे खटपट करण्याचा मोह आवरला पाहिजे. पट्टी पक्कडीने वाकवून खटका काही दिवस बसल्यासारखा वाटतो. पण दोष पट्टी आणि पात्याचे बूड ज्या कोनात भेटतात त्या कोनात असतो, आणि तो कानशीने सुधारायला जाणारा बहुधा अधिकच बिघडवतो. दीडशे रुपयांसाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

खटका नसलेला चाकू त्यापेक्षा बरा, हे विधान विचित्र वाटेल. परंतु जगातील काही उत्तम चाकूंना खटका नाही. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये आपल्या बहुअवजारी चाकूची नोंदणी केली. पुढे 'व्हिक्टोरिनॉक्स' नावाने जगभर गेलेल्या या चाकूच्या खिशात मावणाऱ्या नेहमीच्या नमुन्यांत पाते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उभे राहते. जपानमधील मिकी गावचा 'हिगोनोकामी' तर त्याहून साधा आहे: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि एक पाते. तो उघडा ठेवण्याचे काम वापरणाऱ्याच्या अंगठ्याचे. फ्रान्सच्या सव्वा प्रांतातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेला शेतकऱ्यांचा स्वस्त चाकूही प्रारंभी बिनखटक्याचाच होता. पाते अडवणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये बसली. खटका नाही हे ठाऊक असले की हात आपोआप जपून चालतो. निकामी खटका खोटा भरवसा देतो आणि बोट त्या भरवशावर कापले जाते.

पोलादाबाबत तर गैरसमजच अधिक. भांड्यांच्या दुकानात स्टेनलेस स्टीलची पारख करताना चुंबक लावून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे: चुंबक चिकटला तर माल हलका. हाच नियम चाकूला लावला तर उत्तर उलटे येते. ताट-वाट्यांच्या पोलादात निकेल असते, त्यामुळे चुंबक त्याला सहसा धरत नाही. आणि हे पोलाद पाणी देऊन कठीण करताही येत नाही. चाकूचे स्टेनलेस पोलाद वेगळे. त्यात साधारण १३ टक्के क्रोमियम आणि थोडा कार्बन असतो, ते तापवून थंड करून कठीण करता येते आणि त्याला चुंबक चिकटतो. ज्या पात्याला चुंबक मुळीच चिकटत नाही ते भांड्याच्या पत्र्याचे समजावे. त्याची धार दुसऱ्या काकडीपर्यंतही टिकणार नाही.

पात्यावर कोरलेल्या '४४०' या आकड्यालाही फार मान देऊ नये. '४४० सी' या खऱ्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन असतो. स्वस्त चाकूंत आढळणाऱ्या '४२०' किंवा '३ सीआर १३' जातीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. आकडा कोरायला पैसे लागत नाहीत, पोलादाला लागतात. दमास्कसची म्हणून मिरवणारी लहरींची नक्षीही या किमतीत छापीलच असते. त्यापेक्षा जुनी कानस खरी बोलते. मुठीजवळ, जेथे धार नाही अशा जागी ती हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पात्याला पाणी नीट दिले आहे. ती लोण्यात शिरावी तशी चावली तर नाही.

कमी कार्बनचे पोलाद टाकाऊ असते असेही नाही. मुळशीच्या पावसात ते गंजत नाही, दगडावर आपटले तर तुटण्याऐवजी वाकते आणि चटकन धारेला येते. येथील भातशेतीत वापरला जाणारा कोयता किंवा विळा तर स्टेनलेसही नसतो. घिसाडी कारागीर अनेकदा मालमोटारीच्या जुन्या पाट्यातून तो घडवतात. तो गंजतो, दगडावर घासला की पुन्हा चालतो. शिवाय तो मिटत नाही, त्यामुळे सांध्याचा प्रश्नच उद्भवत नाही!

ज्या चाकूचा खटका शाबूत आहे त्याच्यावर मात्र अर्धा तास खुशाल खर्च करावा. सांधा स्क्रूचा असेल तर तो पाव फेरा आवळावा आणि पुन्हा ढिला होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांवर नखांच्या रंगाचा थेंब लावावा. सांधा रिव्हेटचा असेल तर पाते आणि मूठ यांच्यामध्ये दोन्हीकडे कागदाची पट्टी सरकवावी, खालचे डोके लोखंडावर टेकवून वरच्या डोक्यावर लहान हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि पट्ट्या काढून घ्याव्यात. कागद नसेल तर सांधा इतका आवळतो की चाकू उघडतच नाही. मुठीच्या बोचऱ्या कडा पॉलिश पेपरने मारून घ्याव्यात; तळहाताला फोड येतो तो बहुधा त्यांच्यामुळे.

धारेसाठी कोन महत्त्वाचा. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश होतात. जवळजवळ तेवढ्याच कोनात पाते दगडावर दोन्ही बाजूंनी सारखे घासावे. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कडही चालते. नव्या चाकूच्या धारेवर यंत्राने सोडलेली पातळ वळलेली कड असते, तिला कारागीर 'बर' म्हणतात. पहिल्या दिवशी ती धारेसारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी मोडते; म्हणून शेवटचे हात अगदी हलके हवेत. सायकलवर चाक फिरवणाऱ्याकडे असे पाते देणे टाळलेले बरे. कोरड्या चाकाने धारेची कड क्षणात तापते, आणि ती निळसर झाली की तेथले पाणी उतरले.

कायद्याचा भागही ध्यानात असावा. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत घरगुती अथवा शेतीच्या कामासाठी नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. खिशातला चाकू त्याच्या पुष्कळ आत असतो. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा चाकू बाळगण्यावरच बंदी घालता येते. तेथे इंच मोजले जात नाहीत.

भटकंतीहून परतल्यावर चाकू उघडून धुवावा, सांध्यातील चिखल जुन्या दातघासणीने काढावा आणि पूर्ण वाळवून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. अनेक घरांत त्याऐवजी हाताशी असलेले खोबरेल वापरले जाते. पावसाळाभर त्याने काही बिघडत नाही. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि डिसेंबरच्या पहाटे घनगडाच्या माचीवर तोच चाकू दोन्ही हातांनी ओढूनही उघडत नाही. दोष मग दुकानदाराच्या माथी जातो.