विश्लेषण : अँटेनाच्या तारेतून सूर्य आणि गुरू कसे ‘ऐकतात’? हौशी रेडिओ निरीक्षकांची खरी कसोटी कोणती?

दुर्बिणीतून गुरूचे चंद्र किंवा शनीची कडी पाहणारे हौशी निरीक्षक आपल्या परिचयाचे आहेत. मात्र, सूर्य आणि गुरूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारे हौशी निरीक्षकही जगभर आहेत. त्यासाठी मोठी डिश लागत नाही. तांब्याची तार, चार खांब आणि शॉर्टवेव्ह रिसीव्हर एवढ्यावर सुरुवात करता येते. अवघड काम पुढे असते. स्पीकरमधली खरखर गुरूची आहे की शेजारच्या इन्व्हर्टरची, हे ठरवायचे कसे?

‘ऐकणे’ म्हणजे नेमके काय?

अंतराळात हवा नाही, त्यामुळे तिथून आवाज येऊ शकत नाही. येतात त्या रेडिओ लहरी. अँटेनाच्या तारेत त्या अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करतात. रिसीव्हर तो वाढवून स्पीकरला देतो आणि आपल्याला सळसळ ऐकू येते. या लहरी प्रकाशाच्याच वेगाने येतात. त्यामुळे सूर्याचा संकेत सुमारे आठ मिनिटांपूर्वीचा, तर गुरूचा सरासरी पाऊण तासापूर्वीचा असतो.

हे शोध कसे लागले?

गंमत म्हणजे यातले महत्त्वाचे शोध ‘व्यत्यय’ म्हणून समोर आले. अमेरिकेतील बेल लॅबमधील अभियंता कार्ल जान्स्की रेडिओ-टेलिफोनमधील खरखरीचे कारण शोधत होता. एक सळसळ रोज सुमारे चार मिनिटे लवकर येत असल्याचे त्याला दिसले. आकाशातील तारेही रोज तेवढेच लवकर उगवतात. ती सळसळ आकाशगंगेची होती, हे त्याने १९३३ मध्ये जाहीर केले. ग्रोट रेबर या हौशी रेडिओचालकाने १९३७ मध्ये स्वखर्चाने घराच्या अंगणात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची डिश उभारून हे काम पुढे नेले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडार यंत्रणा अचानक निकामी होऊ लागली. जर्मनीने संकेत रोखल्याचा संशय होता. जे. एस. हे यांनी तपास केला, तेव्हा व्यत्ययाची दिशा सूर्याबरोबर सरकत असल्याचे आढळले. १९५५ मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांना २२.२ मेगाहर्ट्झवर अनोळखी संकेत मिळाले. आधी वाटले, एखाद्या वाहनाच्या इंजिनमधील ठिणगीचा हा परिणाम असावा. प्रत्यक्षात तो गुरू होता.

गुरू केव्हा ‘बोलतो’?

गुरूच्या शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेत फिरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. सुमारे ४० मेगाहर्ट्झच्या वर या लहरी मिळत नाहीत. दुसरीकडे, साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालील लहरींना पृथ्वीच्या वातावरणातील आयनांबर हा विद्युतभारित थर अडवतो. त्यामुळे १८ ते २४ मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा ठरतो.

यात ‘आयो’ या ज्वालामुखींनी भरलेल्या चंद्राचा मोठा वाटा आहे. आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, तर गुरू दहा तासांहून थोड्या कमी वेळात स्वतःभोवती फिरतो. गुरूची ठरावीक बाजू आपल्याकडे असेल आणि त्याच वेळी आयो ठरावीक जागी असेल, तर उद्रेकाची शक्यता वाढते. गुरूचे काही उद्रेक किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांसारखे, तर काही पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे ऐकू येतात. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आयनांबर विरळ असते. त्या वेळी गुरू आकाशात असेल, तर ती वेळ उत्तम.

सूर्याचे उद्रेक वेगळे कसे?

सूर्याचे निरीक्षण दिवसा होते. त्याच्यावरील स्फोटात इलेक्ट्रॉनचे झोत प्रकाशाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने बाहेर पडतात. रिसीव्हरच्या आलेखावर त्यांची खूण ठरलेली असते. चढ एकदम, उतार सावकाश. काही वेळा उलटेही घडते. सौरज्वालेच्या क्ष-किरणांमुळे आयनांबराचा खालचा भाग लहरी शोषू लागतो. मग शॉर्टवेव्ह केंद्रे आणि आकाशाची नेहमीची सळसळ दोन्ही मंदावतात. ही शांतताही सूर्याचीच नोंद असते.

साहित्य काय लागते?

‘नासा’शी संलग्न ‘रेडिओ जोव्ह’ हा उपक्रम १९९८ पासून विद्यार्थी आणि हौशी निरीक्षकांसाठी सुरू आहे. त्याचा रिसीव्हर २०.१ मेगाहर्ट्झवर चालतो. अँटेना म्हणजे प्रत्येकी सुमारे सात मीटर लांबीच्या दोन तारा, जमिनीपासून तीन ते सहा मीटर उंच ताणलेल्या. आता संगणकाला जोडण्याचे सॉफ्टवेअर रेडिओही वापरले जातात. अँटेना विजेच्या तारांपासून दूर असावी आणि पावसाळी ढग दिसताच रिसीव्हरपासून सोडवावी, हे पथ्य मात्र पाळावेच लागते.

खरा संकेत कसा ओळखतात?

पहिली चाचणी घरातच होते. रिसीव्हर बॅटरीवर ठेवून मेन स्विच बंद करायचा. खरखर थांबली, तर ती घरातल्या एलईडी दिव्याची किंवा चार्जरची होती. दुसरी चाचणी म्हणजे ट्यूनिंग किंचित सरकवणे. रेडिओ केंद्र लगेच नाहीसे होते. सूर्य किंवा गुरूचा उद्रेक मोठ्या पट्ट्यात पसरलेला असल्याने टिकून राहतो. तिसरी चाचणी वेळापत्रकाची. गुरू त्या वेळी क्षितिजावर होता का आणि आयो कुठे होता, हे तपासले जाते. शेवटची आणि सर्वांत भक्कम चाचणी म्हणजे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या निरीक्षकालाही त्याच क्षणी तोच उद्रेक मिळणे. म्हणूनच नोंदीत अचूक वेळ नसेल, तर तिचा उपयोग जवळपास संपतो.

महाराष्ट्राशी काय संबंध?

भारतातील रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातीची पावले कल्याणमध्ये पडली. डॉ. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या सहा फुटी ३२ डिश उभारल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास केला. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली.

मोठ्या दुर्बिणींचा वेळ अनेक संशोधकांत वाटलेला असतो. त्या रोज सूर्य आणि गुरूकडे लक्ष ठेवू शकत नाहीत. ती जागा हौशी निरीक्षक भरून काढू शकतात. शहरांत मात्र विद्युत उपकरणांचा गोंगाट वाढतो आहे आणि क्षीण संकेत त्यात बुडतात. अशा वेळी गावाबाहेरचे मोकळे शेत महागड्या रिसीव्हरपेक्षा उपयोगी ठरते. तिथे रात्रभर बसूनही काहीच मिळाले नाही, तरी ‘या वेळेत संकेत नाही’ ही नोंद वहीत करायची असते. इतरांच्या नोंदींशी पडताळताना तीही लागते.